रविवारची वाटणी नको

मुंबईच्या उपनगरांतल्या चर्चनी आठवड्याचे वेळापत्रक नव्याने मांडले पाहिजे, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो कोणत्या दिशेने मांडायचे यावर. अंधेरी-बोरिवलीच्या कॅथलिक धर्मग्रामांत काय किंवा घाटकोपर-मुलुंडच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत काय, विषय निघाला की एक उपाय हमखास पुढे येतो: प्रत्येक वयाला त्याची स्वतःची वेळ द्या. सकाळी सातची मराठी मिस्सा ज्येष्ठांना, साडेआठची मुलांना आणि तिला जोडून धर्मशिक्षणाचे वर्ग, दहाची मोठ्यांना, संध्याकाळी सहाची तरुणांना, तीही इंग्रजीत आणि गिटारच्या साथीने. आठवड्यातही तसेच. एक संध्याकाळ महिलांची, एक तरुणांची, एक बायबल अभ्यासाची, एक ज्येष्ठांच्या प्रार्थनेची. ज्याला जे कळते आणि रुचते ते त्याला मिळाले की प्रत्येकाचे शिष्यत्व खोल जाईल, असा त्यामागचा हिशेब आहे.

हा हिशेब चुकीचा आहे. त्याने हजेरी वाढेल, काही वर्षे ती वाढलेली राहीलही. पण विश्वास ज्या वाटेने एका पिढीकडून दुसरीकडे जातो, तीच वाट या वेळापत्रकाने बंद होते.

उपाय सुचवणारी माणसे उथळ नाहीत, हे आधी मान्य करायला हवे. उपनगरातल्या एका धर्मग्रामात ईस्ट इंडियन, गोवन, मंगळुरी, मल्याळी, तमिळ अशी कुटुंबे एकत्र असतात. एका वेळी सगळी मावतील एवढे चर्च कुठेही नाही, आणि फादरही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून एकाहून अधिक मिस्सा लागणारच. मात्र जागेची अडचण एवढेच सांगते की लोकांचे गट पाडा. ते वयावरून पाडा, असे ती कुठेच सांगत नाही. वाडी, गल्ली, सोसायटी धरूनही गट पडतात. या भागातली कुटुंबे साडेआठला, त्या भागातली दहाला, आणि आजी, सून, नातू तिघेही एकाच बाकावर. त्यासाठी नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. मुंबई महाधर्मप्रांतात १९८०च्या दशकापासून लघु ख्रिस्ती समूह आहेत. बिशप बॉस्को पेन्हा यांनी त्या कामाला स्वतःला वाहून घेतले होते. शेजारची कुटुंबे एखाद्याच्या घरी जमतात, बायबल वाचतात, आजारी माणसाची विचारपूस करतात. गावठाण, चाळ, टॉवर अशा सगळ्या वस्तीची विभागणी या समूहांमुळे धर्मग्रामाच्या कागदावर तयारच आहे. ती सोडून वयाची विभागणी का निवडायची, याचे उत्तर कुणी दिलेले नाही.

उत्तर म्हणून जे दिले जाते ते असे: मोठ्यांचे प्रवचन मुलांना कळत नाही, ती कंटाळतात, चुळबुळ करतात.

खरेच आहे, कळत नाही. पण म्हणून रविवारी त्यांची वेगळी मिस्सा कायमची लावावी, असे कॅथलिक चर्चने स्वतःही म्हटलेले नाही. मुलांच्या मिस्सेबद्दलची व्हॅटिकनची मार्गदर्शिका १ नोव्हेंबर १९७३ची आहे. मुलांच्या मिस्सेचा आधार म्हणून तिच्याकडे नेहमी बोट दाखवले जाते. तिच्यात मुलांसाठी सोपी भाषा, सोपे वाचन, गाणी, चित्रे या सगळ्याला मोकळीक आहे. त्याचबरोबर अशा मिस्सा मुख्यतः आठवड्यातल्या इतर दिवशी शोभतात आणि त्यांचा हेतू मुलांना मोठ्यांबरोबरच्या रविवारच्या मिस्सेकडे नेण्याचा आहे, हेही तिथेच आहे. उपनगरांत झाले उलटे. जी पायरी होती तीच खोली झाली. मूल पहिल्या कम्युनियनपासून कन्फर्मेशनपर्यंत मुलांच्याच मिस्सेला बसते आणि कन्फर्मेशननंतर दिसेनासे होते. ही तक्रार प्रत्येक धर्मग्रामात ऐकू येते आणि तिचे खापर मोबाइलवर, क्लासवर, संगतीवर फोडले जाते. पण त्या मुलाचा चर्चमध्ये परिचय कुणाशी होता? वर्गातल्या पंचवीस-तीस मुलांशी आणि एका शिक्षिकेशी. दहावी झाली, वर्ग पांगला आणि त्याला चर्चशी बांधणारा एकही माणूस उरला नाही. त्याच चर्चच्या मागच्या बाकावर चाळीस वर्षे बसणारे काका त्याला ठाऊक नाहीत, कारण ते काका सातच्या मिस्सेला येतात.

संडे स्कूलचा, मराठी मंडळ्यांच्या भाषेत शब्बाथशाळेचा, इतिहासही इथे पाहण्यासारखा आहे. ती चर्चने मुलांसाठी आखलेली आदर्श व्यवस्था आहे, असा समज आहे. रॉबर्ट रेक्स यांनी १७८०मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर येथे ती चालवली ती सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या मुलांना रविवारी अक्षरओळख व्हावी, हा उद्देश. शाळेच्या अभावावर काढलेला तो तोडगा होता. उपासनेला पर्याय म्हणून ती कुणी सुरू केली नव्हती. ती पुढे उपासनेच्याच वेळेत, बाजूच्या खोलीत भरू लागली, तेव्हा मुलांना मोठ्यांमधून उठवून नेण्याची सवय लागली. वर्ग हवेतच. पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाचे शिकवणे वेगळेच लागते. आक्षेप आहे तो वर्ग उपासनेची जागा घेतो त्याला.

न कळणाऱ्या गोष्टींत बसून माणूस काय शिकतो, हे मराठी ख्रिस्ती परंपरेला कुणी बाहेरून सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांच्या जागी ऐकायला, गायला काही हवे होते. स्टीफन्स यांनी त्यांना छोटी प्रश्नोत्तरी देऊन भागवले नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचा, उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतचा ग्रंथ त्यांच्या हाती दिला. लहानांसाठी वेगळा, मोठ्यांसाठी वेगळा अशी त्याची प्रत नव्हती. पुराण ऐकायला सगळे घर बसते, हे त्या इंग्रज जेझुइटाला इथल्या मातीत राहून समजले होते. तीन शतकांनी नारायण वामन टिळकांना तेच समजले. १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवले, आणि कीर्तनाला वयाची अट नसते. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्या कुठल्या वर्गात शिकल्या नव्हत्या. त्यांचे सगळे शिक्षण घरात, बैठकीत, नवऱ्याच्या आणि मंडळीतल्या माणसांच्या सहवासात झाले होते.

इतिहासात जायचे नसेल तर मे महिन्यात अंबोली, मरोळ, ऑर्लेम किंवा वांद्र्याच्या गावठाणातल्या एखाद्या क्रुसापाशी संध्याकाळी जावे. तिथले कितीतरी क्रूस १८९६च्या प्लेगनंतर उभारलेले आहेत. दुपारी कुणीतरी क्रूस धुऊन घेते, फुलांच्या माळा चढतात, मेणबत्त्या लागतात. ज्येष्ठांना खुर्च्या, बाकीच्यांना सतरंजी. रोझरीचे पहिले रहस्य एखादी आजी चालवते, दुसरे तिचा मुलगा, तिसरे सातवीतली मुलगी. ती मध्येच अडखळते तेव्हा मागून तीन-चार आवाज शब्द पुरवतात आणि ती पुढे जाते. मग लादीन म्हणजे लितानीची प्रार्थना, मग उकडलेले चणे. चणे वाटायचे काम मुलांचे, त्यामुळे प्रत्येक मूल प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात काहीतरी ठेवून येते आणि कुणाचे कोण हे त्याला आपोआप कळते. इथे अभ्यासक्रम नाही, वयोगट नाही. तरीही त्या मुलीला रोझरीची सगळी रहस्ये पाठ आहेत, कोणत्या क्रुसाला कोणत्या कुटुंबाने जागा दिली तेही ठाऊक आहे, आणि आपण अडखळलो तर आपल्याला सावरणारे लोक आहेत हे तर ती आयुष्यभर विसरणार नाही. शिष्यत्व शिकवण्याचे याहून चांगले साधन उपनगरांकडे नाही, आणि ते वर्षात एकच महिना वापरले जाते.

असेच आणखी एक ठिकाण म्हणजे अंधेरीच्या सीप्झ उद्योग-वसाहतीच्या आवारातले संत योहान बाप्तिस्ताचे जुने चर्च. ते १५७९मध्ये जेझुइटांनी बांधले. १८४०च्या सुमाराला साथीनंतर वस्ती मरोळला सरकली आणि ते ओस पडले. आज त्याच्या भिंतीच उभ्या आहेत. तरी मरोळची माणसे मे महिन्यातल्या एका रविवारी तिथे मिस्सेसाठी जमत आली आहेत. वाडवडील तिथे मिस्सेला जात, म्हणून मुलांना बरोबर नेले जाते. कुणी त्यांच्यासाठी वेगळी वेळ मागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा की, रविवार आता लोकांच्या हातात उरलेलाच नाही. नीटची परीक्षा २०२४मध्ये ५ मेला झाली, २०२५मध्ये ४ मेला. दोन्ही दिवस रविवार. कोचिंग क्लासच्या चाचण्या रविवारी. रुग्णालयातल्या नर्सना, मॉलमधल्या विक्रेत्यांना, सीप्झमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांना रविवार सुट्टीचा नाहीच. मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंड दरम्यान साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक असतो. मुलुंडच्या माणसाला दादरला जायचे तर दिवस मोडतो. तेव्हा चर्चने लवचिक व्हावे, ज्याला जेव्हा जमेल तेव्हाची वेळ त्याला द्यावी, असे म्हणणे.

लवचिक होण्याला हरकत असण्याचे कारणच नाही. चर्च नेहमी तसे होत आले आहे. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी नव्हती. ती रोमन साम्राज्यात ३२१मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या फर्मानाने मिळाली. त्याआधी ते पहाटे किंवा रात्री जमत. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतो, आणि खिडकीत बसून पेंगणारा युतुख हा तरुण मोठ्यांच्याच सभेत आहे. दिवसभराच्या कामानंतरची ती सभा सगळ्या वयांची होती. अलीकडचे पाहायचे तर १९५३मध्ये पोप पायस बारावे यांनी संध्याकाळच्या मिस्सेला मुभा दिली. त्याआधी मध्यरात्रीपासून उपास आणि सकाळीच मिस्सा, हा नियम होता. १९८३च्या धर्मसंहितेने शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून ग्राह्य धरली. वेळा बदलल्या त्या लोकांना एकत्र येता यावे म्हणून. पाळीवर जाणाऱ्या नर्ससाठी शनिवारची संध्याकाळ असेल, तर तिचा नवरा, मुले, सासूही शनिवारीच येऊ शकतात. ज्या आठवड्यात मुलाची चाचणी रविवारी सकाळी आहे, त्या आठवड्यात सगळे घर संध्याकाळच्या मिस्सेला जाऊ शकते. वेळ घराने निवडावी. मुलाने एक, आईने दुसरी आणि आजीने तिसरी अशी निवडू नये.

शिवाय मुंबईत तरी रविवार हा कुणाच्या कृपेने मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, वर्षानुवर्षे झगडले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एका सत्यशोधकाने गिरणी कामगारांना, त्यांच्या संसाराला एक मोकळा दिवस मिळवून दिला. आज क्लास, कंपन्या आणि बाजार त्या दिवसाचे तुकडे करत असतील, तर चर्चने आणखी चार तुकडे पाडून त्यांना हातभार लावू नये. कुटुंबाला आठवड्यात एकत्र बसायला एवढाच वेळ उरला आहे.

वेगवेगळ्या दिवसांचे कार्यक्रम यशस्वी होतात याचा दाखला म्हणून माहीमचा बुधवार पुढे केला जातो. दाखला उत्तम आहे, पण तो विरुद्ध बाजूचा आहे. संत मायकेल चर्चमध्ये निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेचा नोव्हेना ८ सप्टेंबर १९४८ला सुरू झाला आणि साऱ्या मुंबईचा बुधवार बदलला. बोरिवली-अंधेरीहून लोकलने लोक तिथे उतरतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. दिवसभर वेगवेगळ्या भाषांत नोव्हेना चालतो. भाषेवरून वेळा आहेत, वयावरून एकही नाही. कडेवरचे मूल, परीक्षेला निघालेला मुलगा, काठी टेकत आलेले आजोबा एकाच रांगेत मेणबत्ती घेऊन उभे असतात.

तरीही भाषेचा प्रश्न माहीमच्या उदाहरणाने सुटत नाही, कारण उपनगरांतल्या घरांत भाषेचा भेद हाच वयाचा भेद झाला आहे. आजी ईस्ट इंडियन मराठीत प्रार्थना करते, नातू इंग्रजी शाळेत जातो. ४ डिसेंबर १९६३ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला उपासनेत दार उघडले ते लोकांना उपासना आपली वाटावी म्हणून. इथे मराठी सातच्या मिस्सेत गेली आणि तिथेच थकत चालली आहे. नातवाला आजीची प्रार्थना परकी, आजीला नातवाची गाणी परकी. यावर महिन्यातून एकदा तरी दुभाषी मिस्सा हवी. पहिले वाचन मराठीत, दुसरे इंग्रजीत, स्तोत्राचे ध्रुपद मराठीत, प्रवचन दोन्हींत थोडे थोडे. मल्याळी आणि तमिळ कुटुंबांचे काय, असे कुणी विचारेल. त्यांचीही एखादी विनवणी, एखादे गाणे आलेच पाहिजे. चर्चच्या सणाच्या दिवशी हे सगळे करता येते आणि कुणी तक्रार करत नाही. मग वर्षाच्या इतर महिन्यांत ते अशक्य कसे?

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांची अडचण निराळी. त्यांची कुटुंबे विखुरलेली, आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि सोलापूरकडची मुळे असलेली कितीतरी घरे आता कल्याण-डोंबिवलीपर्यंत पसरली आहेत. ती आपल्या जुन्या भक्तिस्थानात लांबून येतात. त्यांच्यासाठी उपासना एका वेळी, शब्बाथशाळा दुसऱ्या वेळी, तरुण संघ संध्याकाळी, असे केले तर एका घराला तीन फेऱ्या पडतात. घर साहजिकच त्यातली एक निवडते, नाहीतर एकही नाही. इथे सगळे एका सकाळीत बसवणे हाच शहाणपणा. साडेआठला उपासना, मुलांसह. साडेनऊनंतर त्याच वचनावर सगळ्यांची शब्बाथशाळा, मोठ्यांचीही. गट वेगळे पण धडा एक, म्हणजे परतीच्या गाडीत बापलेकांना बोलायला विषय एकच राहतो. अकराच्या आत स्टेशन गाठायचे ते गाठतील. महिन्यातून एका रविवारी प्रीतिभोजन ठेवावे आणि ब्लॉक उठेपर्यंत तिथेच थांबावे. एरवी फलाटावर जाणारा तो वेळ मंडळीत जाईल.

आठवड्यातल्या इतर संध्याकाळींबद्दल थोडक्यात सांगता येते: त्या कमी करा. चर्चमध्ये रोज एक बैठक असणे हे जिवंतपणाचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात तीच वीस-पंचवीस माणसे रोज येतात आणि त्यांच्याच घरी संध्याकाळची प्रार्थना बंद पडते. लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकांना मुख्यतः वयस्क बायकाच येतात, अशी ओरड आहे. येणार दुसरे कोण? त्याच संध्याकाळी तरुणांची बैठक असते, कॉयरचा सराव असतो, मुलांच्या नाटकाची तालीम असते. आठवड्यातली एक संध्याकाळ समूहांसाठी राखून ठेवावी आणि त्या दिवशी चर्चच्या आवारात दुसरे काहीही ठेवू नये. तरुणांचा गट, त्यांची सहल, त्यांचे संगीत शनिवारी खुशाल असू द्यावे. त्यांना आपल्या वयाची सोबत हवी असते आणि ती मागणी रास्त आहे. मात्र रविवारी त्यांची गिटार सगळ्यांच्या मिस्सेत वाजली पाहिजे.

२०२० आणि २०२१मधल्या टाळेबंदीचा आधारही वाटणीच्या बाजूने घेतला जातो. ऑनलाइन मिस्सा चालली, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या पडद्यावर, आपापल्या वेळी देता येते, असा निष्कर्ष. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे मार्च २०२०मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला उघडली. त्या काळात कितीतरी घरांत एकच टीव्ही होता आणि त्यापुढे सगळे घर एकत्र बसले. अनेक वर्षांत पहिल्यांदा आईबापांनी आणि मुलांनी एकच प्रवचन ऐकले, त्यावर जेवताना वाद घातला. त्या काळातून उचलायचे असेल तर हे उचलावे.

राहिला शेवटचा प्रश्न, गळतीचा. वयवार मिस्सा मोडल्या तर पहिले काही महिने मुले कुरकुरतील, काही तरुण येणार नाहीत, काही ज्येष्ठ गोंगाटाने वैतागतील. हे होईल, आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे. धर्मशिक्षणाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, तेव्हा बदलही तेव्हाच करावा, नाताळपर्यंत चालवावा, आणि या काळात डोकी मोजत बसू नये. त्याऐवजी कन्फर्मेशनच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारावे की आपल्या घराबाहेरची, चाळिशीच्या पुढची किती माणसे त्याला नावाने ओळखतात आणि त्यांतल्या कुणाशी तो प्रार्थनेबद्दल बोलला आहे. सातच्या मिस्सेला येणाऱ्या ज्येष्ठांना विचारावे की धर्मग्रामातल्या किती मुलांची नावे त्यांना ठाऊक आहेत. ही विचारपूस जूनमध्ये एकदा आणि नाताळच्या आधी एकदा व्हावी, आणि दोन्ही वेळची उत्तरे पॅरिश कौन्सिलपुढे शेजारी शेजारी ठेवून मगच पुढच्या वर्षाचे वेळापत्रक ठरवावे.